एकाच लायब्ररीची पायथन व पर्ल बाइंडिंग्ज: वेगळी पॅकेजे केल्यावर फायलींची टक्कर

पाटीपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार. देवनागरी शब्दांची अकारविल्हे लावणारी 'वर्णक्रम' नावाची एक लहान सी लायब्ररी मी आमच्या कार्यालयातील डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) च्या संगणकांसाठी सांभाळतो. आवृत्ती १.४ पर्यंत लायब्ररी, हेडर फायली, पायथनचे मॉड्यूल, पर्लचे मॉड्यूल (म्हणजे त्या भाषांतून लायब्ररी वापरू देणारी बाइंडिंग्ज) आणि कमांड हे सारे 'वर्णक्रम' या एकाच पॅकेजात कोंबलेले होते, त्यामुळे ज्याला केवळ पायथन हवे त्याच्याही गळ्यात पर्ल पडत असे. आवृत्ती २.० मध्ये मी त्याची पाच पॅकेजे केली: लिबवर्णक्रम१, लिबवर्णक्रम-डेव्ह (हेडर फायली), पायथन३-वर्णक्रम, लिबवर्णक्रम-पर्ल आणि उरलेल्या किरकोळ फायलींसाठी जुन्याच नावाचे वर्णक्रम.

आता ही पॅकेजे बसवताना डीपीकेजी (डेबियनवर पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम) तीन ठिकाणी अडते आणि तिन्ही वेळा तक्रार एकच असते: जी फाईल लिहायची आहे ती आधीच दुसऱ्या पॅकेजाच्या मालकीची आहे. पहिली अडचण १.४ असलेल्या संगणकावर पायथन३-वर्णक्रम चढवताना येते. त्यातही विचित्र हे की काही संगणकांवर हेच काम बिनतक्रार पार पडते. दुसरी अडचण कोऱ्या संगणकावर पायथन व पर्ल ही दोन्ही पॅकेजे बसवताना 'वर्णक्रम' या कमांडवरून येते. तिसरी 'टेस्ट्स' नावाच्या डिरेक्टरीतील इनिट फाईलवरून (ही डिरेक्टरी पायथनचे पॅकेज आहे असे सांगणारी फाईल), आणि तीही आमच्याशी काही संबंध नसलेल्या एका अंतर्गत पॅकेजाशी.

घाईत एका संगणकावर मी 'फोर्स-ओव्हरराइट' (दुसऱ्या पॅकेजाच्या फाईलवर जबरीने लिहिण्याचा पर्याय) वापरून वेळ मारून नेली. महिन्याभराने तेथील पर्लचे पॅकेज काढले तेव्हा त्याबरोबर कमांडही गेली आणि पायथन वापरणारे माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. सर्व पॅकेजांत सरसकट 'कॉन्फ्लिक्ट्स' (ही पॅकेजे एकत्र बसू देऊ नयेत अशी नोंद) लिहून टाकावे काय?

गाठोडे

कॉन्फ्लिक्ट्स लिहू नका. तसे केलेत तर पायथन आणि पर्ल एका संगणकावर एकत्र नांदूच शकणार नाहीत, आणि मग वेगळी पॅकेजे करण्याचा सारा खटाटोप वाया जाईल. संदेश एकच असला तरी आपली दुखणी तीन आहेत.

पहिले दुखणे मालकी बदलल्याचे आहे. मॉड्यूलची फाईल १.४ मध्ये 'वर्णक्रम'ची होती, २.० मध्ये ती पायथन३-वर्णक्रमची झाली, पण हे हस्तांतर डीपीकेजीला कोणी कळवलेलेच नाही. ज्या संगणकावर नवे 'वर्णक्रम' आधी उलगडले गेले तेथे ती फाईल मोकळी झाली आणि काम निभावले. जेथे पायथनचे पॅकेज आधी उलगडले तेथे जुना मालक अजून घरातच होता. आपल्याला जे विचित्र वाटले ते एवढेच आहे. उपाय असा की पायथन३-वर्णक्रममध्ये 'ब्रेक्स' (ते जुने पॅकेज आता माझ्यासोबत चालणार नाही) आणि 'रिप्लेसेस' (त्याच्या फायली मी घेतो) ही दोन्ही क्षेत्रे लिहावीत आणि दोहोंत 'वर्णक्रम, २.०-१~ पेक्षा जुने' अशी अट घालावी. शेवटच्या त्या नागमोडी चिन्हामुळे २.०-१ ची बॅकपोर्ट (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेली) आवृत्ती अटीत सापडत नाही.

दोन्ही क्षेत्रे कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नुसते रिप्लेसेस लिहिले तर फाईल नव्या पॅकेजाकडे जाते, पण जुने १.४ तसेच बसलेले राहू शकते, आणि पुढे कोणी पायथनचे पॅकेज काढले की त्या १.४ मधून मॉड्यूल गायब होते. नुसते ब्रेक्स लिहिले तर जुने पॅकेज निष्क्रिय होते खरे, परंतु त्याच्या फायली डिस्कवरच असतात, म्हणून टक्कर होतेच. हीच जोडी पर्लच्या, लायब्ररीच्या आणि डेव्ह पॅकेजातही लागेल, कारण तेथील फायलीही त्याच जुन्या घरातून आल्या आहेत. आवृत्तीची अट मात्र विसरू नका. बिनअटीचे रिप्लेसेस पुढच्या खऱ्या चुकाही निमूटपणे झाकून टाकते.

खिळेमोळे

उरलेल्या दोन दुखण्यांविषयी लिहितो. आपल्या सेटअप फाईलमध्ये पायथनचा कमांड-प्रवेश 'वर्णक्रम' या नावाने नोंदवलेला असणार आणि पर्लच्या बाजूनेही त्याच नावाची स्क्रिप्ट बसत असणार. बाइंडिंगच्या पॅकेजात फक्त मॉड्यूल असावे, कमांड 'वर्णक्रम' या पॅकेजात सीमध्ये लिहिलेली एकच असावी, असे माझे मत आहे. दोन्ही स्क्रिप्टा राखायच्याच असतील तर त्यांना निरनिराळी नावे द्या. दोन्ही हुबेहूब तेच काम करीत असतील तरच 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'चा (एकाच नावामागे अनेक कमांडांतून एक निवडू देणाऱ्या यंत्रणेचा) विचार करावा, पण एवढ्याशा कामाला ती यंत्रणा म्हणजे मुंगीला मुसळ.

'टेस्ट्स'चे कारण सेटअप फाईलमधील 'फाइंड-पॅकेजेस' हे पायथनची पॅकेजे आपोआप शोधणारे फंक्शन आहे. चाचण्यांच्या डिरेक्टरीत इनिट फाईल असली की ते फंक्शन तिलाही वरच्या पातळीचे पॅकेज समजून डिस्ट-पॅकेजेसमध्ये (डेबियनवर पायथनची मॉड्यूले बसतात त्या सामाईक डिरेक्टरीत) नेऊन ठेवते, आणि हीच चूक करणारे दुसरे पॅकेज आले की दोघांची गाठ पडते. त्या फंक्शनच्या 'एक्स्क्लूड'मध्ये (वगळायच्या यादीत) 'टेस्ट्स' व 'टेस्ट्स.*' लिहा. लिंटियन (डेबियन पॅकेजांतील चुका शोधणारे साधन) अशा अतिसामान्य नावांवर बोट ठेवते. ते चालवून पाहिले होते काय?

पाटीपेन्सिल

चालवले नव्हते, आज चालवले आणि ओशाळलो. तिन्ही दुरुस्त्या केल्या, कोऱ्या व जुन्या अशा दोन्ही संगणकांवर सर्व पॅकेजे नीट बसली. एक पुढचा प्रश्न: 'लिप्यंतर' ही दुसरी लायब्ररी येते आहे आणि पायथनमध्ये दोन्ही 'देवनागरी' या एकाच छत्राखाली ठेवायच्या आहेत. मग 'देवनागरी' डिरेक्टरीतील इनिट फाईल कोणत्या पॅकेजाने द्यावी?

खिळेमोळे

कोणीच नाही. डिरेक्टरी कितीही पॅकेजांची सामाईक असू शकते, फाईल असू शकत नाही. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, इनिट फाईल नसलेली डिरेक्टरी नेमस्पेस पॅकेज (निरनिराळ्या ठिकाणचे भाग एका नावाखाली आणणारे पॅकेज) म्हणून चालते. म्हणून ती फाईल दोन्हींतून काढून टाका आणि तेथे 'फाइंड-नेमस्पेस-पॅकेजेस' वापरा. मात्र तिच्यात आज काही कोड असेल तर तो आधी आतल्या मॉड्यूलमध्ये हलवा. एकाने जरी ती फाईल ठेवली तरी पायथन त्या डिरेक्टरीला साधे पॅकेज समजते, आणि दुसऱ्या कोणाचा भाग यूएसआर-लोकलमध्ये वा अन्यत्र असेल तर तो सापडेनासा होतो.

वाळवंटातील उंट

पर्लची एक खोच राहिली. मेकफाईल-पीएल (पर्ल मॉड्यूलची बांधणी ठरवणारी स्क्रिप्ट) चालवताना 'इन्स्टॉलडिर्स' (फायली कोठे बसवायच्या ते सांगणारा पर्याय) हे 'व्हेंडर' ठेवा. डेबियनच्या पर्लमध्ये या मार्गाने 'पर्ललोकल-पॉड' (बसवलेल्या मॉड्यूलांची नोंद ठेवणारी) फाईल लिहिलीच जात नाही. मी फेडोरा या दुसऱ्या लिनक्ससाठी आरपीएम (तेथील पद्धतीची पॅकेजे) बांधतो. तेथे 'नो-पॅकलिस्ट' आणि 'नो-पर्ललोकल' हे दोन्ही १ करावे लागतात, नाहीतर प्रत्येक पॅकेज स्वतःची पर्ललोकल घेऊन येते. शिवाय आरपीएम दोन पॅकेजांतील तंतोतंत सारखी फाईल मुकाट्याने चालवून घेते, त्यामुळे तेथे बिनतक्रार बसलेली मांडणी डेबियनवर अडली म्हणून डीपीकेजीला बोल लावू नये.