फेरमोजणीत खोडाचा घेर कमी भरतोय, दुष्काळामुळे?

प्रश्न: उष्णकटिबंधीय जंगलातल्या १ हेक्टर प्लॉटची फेरमोजणी केली. काही खोडं आधीपेक्षा बारीक निघाली. दुष्काळाचा परिणाम धरायचा का?

उत्तर: एवढ्यात नको. आधी मोजणीची जागा बघा. दर खेपेला त्याच जागी टेप लागावा म्हणून जमिनीपासून १.३ मीटरवर रंगाचा पट्टा मारला होता का? आधारमुळं (बुंध्याशी फळीसारखी पसरलेली मुळं) असतील तर त्यांच्या ५० सेंटीमीटर वर मोजायचं, ती उंची वहीत लिहायची. मागच्या खेपेला टेप वेलीवरून गेला असेल तर झाड यंदा ‘आकसणारच’.

उत्तर: कोरड्या दिवसांत खोड खरंच आकसतं, पण मिलिमीटरभर. म्हणून ऋतू तोच ठेवा. दुष्काळ शोधायचा तर मेलेली झाडं आणि नवी रोपं मोजा, तीही जातवार. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १ सेंटीमीटर व्यासाचं खोडही नोंदवतात. १९८३च्या दुष्काळानंतर ओलावा लागणाऱ्या जाती घटल्या, ते तिथल्या फेरमोजण्यांतून दिसलं.

प्रश्नकर्ता: पट्टा नव्हताच. आता मारतो.