आठ महिन्याचं लेकरू सगळंच तोंडात घालतंय, ओढून घेऊ की राहू दे?

शहापूरची_आई:
लाटणं, वाटी, परवा तर चप्पल, दिसेल ते उचललं की थेट तोंडात. सासूबाई म्हणतात ओढून घे, जंत होतील. मी म्हणते बघू दे की. आणि दुसरं, त्याचा लाडका चमचा त्याच्यासमोरच टॉवेलखाली झाकला तर शोधलाच नाही ओ, जसा काय नव्हताच. डोक्यात काही कमी नसेल ना?

खानापूरची_आज्जी:
काही कमी नाही बाई. झाकलेलं शोधायला पोरं साधारण आठ-नऊ महिन्याला लागतात, तुझं आत्ता कुठं तिथं आलंय. चमचा अर्धाच झाकून बघ. आणि चप्पल वर ठेव, बाकी राहू दे. नातवाला मी स्टीलची वाटी द्यायची, लाटणं द्यायची, घासून गुळगुळीत केलेली करवंटी द्यायची, वाटी गार लागली की तोंड वाकडं करायचा, परत तीच घ्यायचा. आमच्याकडची मातीची बोळकी मात्र नको, आपटून फोडलं एक.

टिळकवाडीकर:
आज्जींचं बरोबर. 1979 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, महिन्याभराच्या बाळांना न दाखवता चोखणी चोखायला दिली, काहींना गुळगुळीत काहींना गाठीची, नंतर दोन्ही आकार समोर धरले तर जी चोखली होती तिच्याकडं ती जास्त वेळ बघत होती. पुढं दुसऱ्या काही संशोधकांना तसं दिसलं नाही, म्हणून वाद आहे. मला मात्र प्रकाश प्रकल्पाचं, म्हणजे अंध पोरांवर उपचार करून त्यांची नजर कशी घडते ते बघणाऱ्या कामाचं, जास्त पटतं. आपल्याच देशातली जन्मापासून अंध असलेली पाच पोरं, ऑपरेशननंतर त्यांना दिसायला लागलं, पण हातानं चाचपलेला ठोकळा नुसत्या नजरेनं लगेच ओळखता येईना. काही दिवसातच जमायला लागलं. म्हणजे डोळा आणि हात यांची ओळख सवयीनं होते, तुमचं पोरगं सध्या तेच करतंय.

निपाणी_वहिनी:
सगळं खरं, पण शेंगदाणे, फुटाणे, बटणं लांब ठेवा. रिमोटमधला गोल चपटा सेल तर अजिबात हाती लागू देऊ नका, गिळला की आतून भाजतं, थांबायचं नाही, तडक दवाखाना. गोकाकची लाकडी फळं घरात असतील तर रंग उडालेली नकोत. जंताचं म्हणाल तर सासूबाईंचं अगदीच चूक नाही, जमीन पुसून घ्या आणि वस्तू धुऊन द्या.

शहापूरची_आई:
आत्ताच अर्धा चमचा झाकून बघितला. लगेच ओढून काढला की ओ! मग चमचा टाकला आणि टॉवेल तोंडात घातला. सासूबाई हसत हसत गेल्यात टॉवेल धुवायला.