मदत हवी आहे: सॅमसंग ए३५ की वनप्लस नॉर्ड सीई४? लवकर सांगा

बागवाला४२२
दोन फोन नक्की केलेत, सॅमसंग गॅलक्सी ए३५ आणि वनप्लस नॉर्ड सीई४. यातला कुठला घ्यावा? यूट्यूबवर एक म्हणतो हा घ्या, दुसरा म्हणतो तो घ्या, डोक्याची मंडई झालीय. कॅमेरा चांगला पाहिजे आणि पाण्याचं बघावं लागेल. बाकी नॉर्मल वापर. सेल चालू आहे, ऑफर जायच्या आत सांगा. तिसरा फोन सुचवू नका.

कल्याण_स्लो
बजेट किती? १२८ जीबी की २५६? सध्या कुठला वापरताय आणि तो का बदलताय? "नॉर्मल वापर" प्रत्येकाचा वेगळा असतो हो. माझ्या मेव्हण्याचा नॉर्मल वापर म्हणजे रात्री दोनपर्यंत बीजीएमआय गेम.

स्पेकशीट
यात विचारण्यासारखं काय आहे? प्रोसेसर बघा, सीई४ मध्ये स्नॅपड्रॅगन ७ जेन ३, ए३५ मध्ये एक्सिनॉस १३८०. सीई४ ची बॅटरी ५५०० एमएएच, ए३५ ची ५०००. सीई४ सोबत १०० वॉटचा चार्जर डब्यातच येतो, अर्ध्या तासात फुल्ल. सॅमसंग २५ वॉटवर रांगतो, आणि तोही चार्जर वेगळा विकत आणायचा. लाँचच्या किमती बघा: सीई४ २४,९९९ आणि ए३५ ३०,९९९. सहा हजार जास्त देऊन कमी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या.

आजीचा_नातू
स्पेकशीट, अपडेटचं सोयीस्कर विसरलात. दोन्ही अँड्रॉइड १४ वर आलेत. सॅमसंग चार अँड्रॉइड व्हर्जन आणि पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट देणार, वनप्लस सीई४ ला दोन व्हर्जन आणि तीन वर्षं. म्हणजे एक २०२९ पर्यंत चालेल, दुसरा २०२७ ला म्हातारा. फोन दर दोन वर्षांनी बदलत असाल तर प्रश्न वेगळा.

स्पेकशीट
पाच वर्षांनी तो एक्सिनॉस अपडेट उघडेपर्यंत चहा होऊन जाईल. अपडेट कागदावर, परफॉर्मन्स हातात.

बागवाला४२२
अहो, बजेट फोनच्या किमतीवरून कळतंच की. २५ ते २८. गेम खेळत नाही, त्यामुळे प्रोसेसरचं सोडा. दोन सिम आहेत. जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड आहे, ते यातही टाकायचं आहे. आता सांगा.

कल्याण_स्लो
इथेच अडलं की. दोन्ही फोनला हायब्रिड ट्रे आहे. एक तर दोन सिम, नाहीतर एक सिम आणि एक कार्ड. दोन्ही सिम चालू ठेवायची असतील तर कार्ड विसरा आणि सरळ २५६ घ्या. आणि "पाण्याचं" म्हणजे नक्की काय? पावसात बोलता, की पोहायला घेऊन जाता?

बागवाला४२२
पोहायला कशाला जाईन? फवारणीला खिशात असतो. द्राक्षबाग आहे, निफाड तालुका. आता गोडी छाटणी सुरू होईल, मग रोजच फवारणी.

मधलीसुट्टी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं?

जुना_रिपेअरवाला
आता खरी माहिती मिळाली. मोबाईल दुरुस्तीच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, म्हणून बोलतो.

ए३५ ला आयपी६७ आहे. म्हणजे एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास. सीई४ ला आयपी५४, म्हणजे नुसते शिंतोडे. कागदावर सॅमसंग सरळ जिंकतो. पण टेस्ट होते साध्या पाण्याची, तुमच्या टाकीतल्या पाण्याची नाही. बागेवाल्यांचे फोन दुरुस्तीला आले की पोर्टात काय सापडतं माहितीये? बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा) चुना. पांढरा थर तळाशी घट्ट बसलेला, केबल अर्धीच आत जाते आणि गिऱ्हाईक म्हणतं चार्जिंग पिन गेली. पिन गेलेली नसते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूहळू खरवडून काढायचं. सुई घालायची नाही आणि तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी आत जाते.

दुसरं, पाणी आत गेलं तर वॉरंटी मिळत नाही, आयपी कितीही असो. आणि फोन एकदा उघडला की आतलं सील पहिल्यासारखं राहत नाही. त्यामुळे ए३५ घेतलात तरी फवारणीला झिपवाली प्लॅस्टिक पिशवी वापरा. स्वस्तातली मिळते.

स्पेकशीट
मग पिशवीच वापरायची तर आयपी५४ पण चालला की! आणि सीई४ ला अ‍ॅक्वा टच आहे, ओल्या बोटाने स्क्रीन चालते. शेतात याचाच उपयोग. पाठ पण प्लॅस्टिकची, पडला तर फुटत नाही. ए३५ ची पाठ काचेची. वजन १८६ ग्रॅम विरुद्ध २०९.

जुना_रिपेअरवाला
पाठीचा मुद्दा बरोबर आहे तुमचा. काचेची पाठ बांधावर पडली की गेलीच समजा. जाड कव्हर घ्यायचं. ओल्या बोटाचं मात्र पाण्यापुरतं. छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला पेस्ट लावतात, त्या माखलेल्या हाताने कुठलीच स्क्रीन चालत नाही, आणि त्या हाताने फोनला शिवूही नये. ते औषध साधं नाही.

मोटो_मित्रमंडळ
तिसरा सुचवू नका म्हणालात तरी सांगतो. मोटो एज ५० फ्युजन. आयपी६८! ६८ वॉटचा चार्जर डब्यात. लाँचला २२,९९९. तीन अँड्रॉइड अपडेट. तुमच्यासाठीच बनवलाय असं वाटतं.

आजीचा_नातू
आणि स्क्रीन कडेला वळलेली. त्यावर साधी टेम्पर्ड काच बसत नाही, यूव्ही गोंदवाली लावत बसा. बागेत तारेला घासला की कडेलाच पहिला ओरखडा. कार्डाची जागा पण नाही.

मोटो_मित्रमंडळ
कार्ड त्यांना तसंही टाकता येत नाहीये, दोन सिम आहेत ना!

बागवाला४२२
तिसरा नको म्हटलं होतं. असो. दुकानदार ए३५ घ्या म्हणून मागे लागलाय, सीई४ नाहीच म्हणतो. ऑनलाइन दोन्ही आहेत. आणि आई म्हणते पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायची नाही. सेल मात्र आत्ताच आहे.

सातारी_कंदी
पितृपक्षात ऑर्डर टाका, डिलिव्हरी घटस्थापनेनंतरची निवडा. वस्तू घरात नवरात्रातच आली. आईही खूश, बँकेची ऑफरही मिळाली.

मधलीसुट्टी
हे असले तोडगे २०२४ मध्ये पण? मोबाईल कंपन्यांना पितृपक्ष माहीत असता तर सेल दसऱ्याला ठेवला असता.

सातारी_कंदी
त्यांना चांगला माहीत आहे, म्हणून तर या दिवसांत ऑफर तगडी ठेवतात. आणि तुम्हाला नसेल पाळायचं तर नका पाळू, समोरच्याच्या आईला का शिकवता?

कल्याण_स्लो
दुकानदाराचं कारण वेगळं असू शकतं. मे महिन्यापासून दक्षिणेतल्या दुकानदारांच्या संघटनेने वनप्लस विकणं बंद करायची हाक दिली होती, मार्जिन आणि वॉरंटी क्लेमच्या भांडणातून. सहा राज्यांत महाराष्ट्रही होता. त्यामुळे दुकानात नाही म्हणजे फोन वाईट, असं समजू नका. पण तो ए३५ किती चांगला आहे हे सांगतोय म्हणून तेही खरं धरू नका.

न्यूजर्सीकर_पुणेकर
मी पिक्सल ८ए घेतला. सात वर्षं अपडेट. फोटो अप्रतिम. ट्रेड-इनमध्ये, म्हणजे जुना फोन देऊन, जवळजवळ फुकट पडला. तुम्ही तोच का नाही बघत?

मधलीसुट्टी
कारण भारतात लाँचला त्याची किंमत ५२,९९९ होती, आणि निफाडमध्ये ट्रेड-इनला बैल घेत नाहीत.

बागवाला४२२
कॅमेऱ्याचं कोणी बोलेल का? आणि कॉल रेकॉर्डिंग कशात आहे? तेच महत्त्वाचं आहे.

कल्याण_स्लो
तेच महत्त्वाचं आहे तर आत्ता सांगताय! कॉल रेकॉर्डिंग कशाला हवंय?

बागवाला४२२
व्यापारी फोनवर एक भाव ठरवतो, माल तोडायला लागला की म्हणतो मी असं बोललोच नव्हतो. सध्याच्या फोनमध्ये रेकॉर्डिंगचं अ‍ॅप होतं, ते मागेच बंद पडलं. फोन बदलायचं मूळ कारण तेच आहे.

आजीचा_नातू
मग निकाल लागला. अ‍ॅप बंद पडलं कारण गूगलने ११ मे २०२२ पासून बाहेरच्या अ‍ॅपना अ‍ॅक्सेसिबिलिटीमधून कॉल रेकॉर्ड करायला मनाई केली. आता फोनच्या स्वतःच्या डायलरमध्ये (कॉल लावायच्या अ‍ॅपमध्ये) सोय असेल तरच होतं. सॅमसंगच्या डायलरमध्ये आहे, समोरच्याला सूचना ऐकू जात नाही. फोन अ‍ॅप उघडा, वर तीन ठिपके, सेटिंग्ज, रेकॉर्ड कॉल्स, त्यात ऑटो चालू करा. सगळे कॉल करायचे की ठरावीक नंबरचे, तेही निवडता येतं. वनप्लसवर गूगलचा डायलर असला तर रेकॉर्डिंग चालू होताच बाई दोघांनाही सांगते की कॉल रेकॉर्ड होतोय.

स्पेकशीट
अर्धवट माहिती. प्ले स्टोअरवर ओडायलर आहे, ओप्पो, रियलमी, वनप्लस तिन्हींसाठी. तो टाका आणि डीफॉल्ट करा. बाई गप्प.

आजीचा_नातू
आणि उद्या तो काढून टाकला तर? ज्या कामासाठी फोन घ्यायचा ते काम फोनमध्येच असलेलं बरं.

माळ_रान
रेकॉर्डिंग करून करणार काय भाऊ? माझ्या चुलत्यांकडे सगळं रेकॉर्डिंग होतं. व्यापारी पैसे बुडवून गेला तो गेलाच, फोनही बंद. सौदापावती लिहून घ्या, त्यावर सही घ्या, गाडी भरायच्या आत निम्मे पैसे खात्यात. फोन कुठलाही घ्या.

खळं_वाफसा
निम्मे कोण देतं हो आगाऊ? सांगा नाव, आम्ही त्यालाच देतो माल. सगळा पैसा घेऊन मगच कात्री लावायची म्हटलं तर बाग तशीच उभी राहील.

माळ_रान
मग बेदाणा करा. आमच्या तासगावकडे निम्मे तेच करतात.

कल्याण_स्लो
मंडळी, धागा फोनचा आहे.

पानावरचा_डाग
कॅमेऱ्यावर मी सांगते. मी द्राक्षाचा सल्ला देते, रोज व्हॉट्सअ‍ॅपवर ढिगाने पानांचे फोटो येतात. त्यातल्या निम्म्यांवर काहीही सांगता येत नाही. त्यात फोनचा दोष थोडा, काढणाऱ्याचा जास्त.

या दोन फोनचे मुख्य कॅमेरे ५० मेगापिक्सेलचे, दोन्हींना ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय), सेन्सरही जवळजवळ एकाच मापाचे. पानावरचा रोग डाऊनी की करपा हे ओळखण्यात दोघांत फरक पडणार नाही. ए३५ चा ५ मेगापिक्सेलचा मॅक्रो मात्र वापरू नका. तो फोटो कागदावर चहा सांडल्यासारखा येतो. मुख्य कॅमेरा २एक्स (दुप्पट झूम) वर ठेवा, फोन वीतभर लांब धरा, पानावर बोट ठेवून फोकस होऊ द्या आणि मग काढा. पान उलटं करून खालच्या बाजूचा फोटो हवाच. डाऊनीची पांढरी बुरशी खाली असते, वरून नुसता तेलकट डाग दिसतो, त्यावरून अंदाजच करावा लागतो. भुरी हा रोग वरूनही दिसतो. भर उन्हात काढू नका, अंगाची सावली पानावर पाडा. थ्रिप्स (बारीक किडे) फोनने दिसायचे नाहीत, पांढऱ्या कागदावर कोवळी फूट झटका आणि त्या कागदाचा फोटो पाठवा.

आणि पाठवताना एचडी निवडा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून टाका. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, मग तीस हजाराचा फोन घ्या की दहाचा, माझ्याकडे पोचतो तो सारखाच.

बागवाला४२२
ताई, हे कामाचं सांगितलंत. २एक्स चं माहीतच नव्हतं. उन्हात स्क्रीन दिसते का दोन्हींची?

पानावरचा_डाग
दोन्ही अ‍ॅमोलेड, हजाराच्या आसपास निट्स उजेड. दुपारी बारालाही वाचता येतं. टेम्पर्ड स्वस्तातली जाड लावलीत तर तक्रार करू नका.

घाटावरचा_राजा
अ‍ॅमोलेड घेऊच नका कुठलाच. माझ्या जुन्या फोनला अपडेटनंतर हिरवी रेघ आली. कंपनीचं नाव घेत नाही. स्क्रीनच्या खर्चात नवीन फोन आला असता.

स्पेकशीट
मग काय एलसीडी घ्यायचा २०२४ मध्ये? बागवाला, लोडशेडिंगचं बघा. तुमच्याकडे वीज येते-जाते. १०० वॉटला वीस मिनिटं वीज मिळाली तरी दिवसाचं काम होतं. २५ वॉटला वीस मिनिटांत काय होणार?

बागवाला४२२
शेताच्या लाइनला रात्रपाळी असते, घरी वीज असते हो. फोन रात्री लावून झोपतो, सकाळी फुल्ल. ते नको सांगू.

जिओ ५जी दोन्हीत चालेल ना? बागेत एकच काडी असते.

कल्याण_स्लो
चालेल. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा बँड दोन्हीत आहे. २०२२ च्या लिलावात तो फक्त जिओने घेतला, लांबवर पोचतो. पण टॉवरच लांब असेल तर कुठलाही फोन एका काडीच्या चार करणार नाही. वायफाय कॉलिंग चालू करून ठेवा, घरात तरी बोलता येईल.

तुमचा हिशोब मांडतो: रेकॉर्डिंग, पाणी, जास्त वर्षं वापर, गेम नाहीत, चार्जिंग रात्री. हे सगळं ए३५ कडे जातं. फक्त पाठ काचेची, तेवढं जाड कव्हर. १२८ घेऊ नका.

स्पेकशीट
माझं मत नोंदवून ठेवा. दोन वर्षांनी हँग झाला की याच धाग्यावर या.

बागवाला४२२
ए३५, २५६ वाला टाकला. कार्ड ऑफर धरून बजेटच्या थोडा वर गेला, पण जाऊ द्या. डिलिव्हरी घटस्थापनेनंतरची घेतली. चार्जर कुठला घ्यायचा? जुना १८ वॉटचा आहे तो चालेल का?

जुना_रिपेअरवाला
चालेल, हळू होईल इतकंच. रात्री लावून झोपता म्हणजे तुम्हाला नवीन घ्यायची गरजच नाही. घ्यायचाच असेल तर पीडी आणि त्यावर पीपीएस (या फास्ट चार्जिंगच्या पद्धती) लिहिलेला २५ वॉटचा घ्या, दोन्ही टोकांना टाइप-सी केबल. नुसता "२५ वॉट" लिहिलेला, पीपीएस नसलेला घेतलात तर तो फोन पूर्ण वेगाने भरणार नाही.

माळ_रान
त्या व्यापाऱ्याचं नाव व्यनि (खासगी निरोप) करा, आमच्याकडेही एक फिरतोय.