शब्दचर्चा: गावाकडचा ‘व्हेट’ मराठीत कोण?

एका छोट्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करते आहे. इंग्लंडातलं खेडं, तिथला जनावरांवर उपचार करणारा तरुण डॉक्टर, शेजारी जुनं चर्च आणि तिथला व्हिकर, म्हणजे धर्मगुरू. एका पहाटे चर्चच्या कुरणातलं मेंढरू नाहीसं होतं आणि डॉक्टर त्याचा शोध घेतो. खून नाही, रक्त नाही, शिवी नाही. पात्रं जेवणाआधी प्रार्थना करतात आणि ती मनापासून करतात. प्रकाशकांना मुखपृष्ठावर या कथाप्रकाराला मराठी नाव हवंय. शिवाय ‘व्हेट’ हा शब्द पहिल्याच प्रकरणात एकोणीस वेळा येतो.

‘पशुवैद्य’ लिहून पाहिलं. अर्थ बरोबर, पण वाक्य ताठ होतं. ‘पशुवैद्य चिखलातून धावत आला’ हे मोठ्यानं वाचा, म्हणजे कळेल. ‘प्राण्यांचा डॉक्टर’ म्हटलं की बालवाडीतलं चित्रांचं पुस्तक डोळ्यांसमोर येतं. तुमच्याकडे काय म्हणतात?

कोथरूडहून: ताई, आमच्याकडे सगळे सरळ ‘व्हेट’ म्हणतात. ‘मन्याला व्हेटकडे नेलं, टिक्सचं इंजेक्शन दिलं.’ आता मराठीच झालाय तो शब्द.

शहरात झालाय, मान्य. पण मांजराला पिशवीतून नेतात तो व्हेट. रात्री दोन वाजता गोठ्यात कंदिलाच्या उजेडात आडवं आलेलं वासरू ओढून काढतो, त्याला हा शब्द अपुरा पडतो.

औंधहून: मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो, म्हणून थोडं लिहितो. वैद्यक म्हणजे शास्त्र, वैद्य म्हणजे माणूस. तेव्हा माणसाला ‘पशुवैद्य’ म्हणावं, ‘पशुवैद्यक’ नव्हे. सरकारी कागदांत मात्र दोन्ही सर्रास मिसळतात. आमच्या हुद्द्याचं नाव ‘पशुधन विकास अधिकारी’. दारावर ‘पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी १’ अशी पाटी. एवढ्या वर्षांत गावातल्या एकाही माणसानं मला यातल्या कुठल्याच नावानं हाक मारली नाही. समोर ‘डॉक्टरसाहेब’, पाठीमागे ‘गुरांचा डॉक्टर’. गावात दुसरा डॉक्टर असला तर तो ‘माणसांचा’.

काका, फार उपयोगी पडलं. अडचण एवढीच की ‘गुरं’ म्हणजे गाई, बैल, म्हशी. तुमच्या-माझ्या कानाला मेंढी गुरांत बसत नाही, ती शेरडा-मेंढरांत. आणि माझ्या पुस्तकात तर सगळा पेच मेंढराभोवतीच आहे. काही भागांत ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणतात. तो मी घेणार नाही, कारण ‘ढोर’ हे एका समाजाचंही नाव आहे आणि जनावराला तोच शब्द लावल्यानं उगाच कुणी दुखावलं जाईल. उरतो ‘जनावरांचा डॉक्टर’. यात गाय, घोडा, मेंढी, कुत्रं सगळं मावतं. मात्र संदर्भ सांभाळावा लागतो, कारण आपल्याकडे तिन्हीसांजेला सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर निघालं’ म्हणतात.

गेल्या आठवड्यात मुद्दाम सासवडच्या बाजूला एका दवाखान्यात जाऊन बसले. लोखंडी खोड्यात एक जर्सी गाय उभी होती. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकच्या मोज्यात. गायीची मालकीण तिच्या कपाळावर तळवा ठेवून म्हणाली, ‘काल सांजच्याला व्याली, पण वार पडली न्हाई अजून.’ माझ्या अनुवादात याच प्रसंगाचं वाक्य होतं: ‘प्रसूतीनंतर गर्भवेष्टन बाहेर आले नव्हते.’ घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता ते खोडलं. गाय व्याते, वार पडते, कासेला सूज येते, लाळ्या-खुरकूत होते. हे शब्द असताना आपण कोश कशाला उघडतो?

गुरुवार पेठेतून: आम्ही मराठी ख्रिस्ती. तुमचा पुस्तकातला ‘व्हिकर’ मराठीत कसा आणलाय, ते आधी सांगा. बहुतेक अनुवादांत सरसकट ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’ दिसतो.

मीही ‘फादर’च लिहिलं होतं.

गुरुवार पेठेतून: बदला. फादर कॅथलिकांचे. तुमचा व्हिकर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचा, शिवाय बायकोमुलांचा. प्रोटेस्टंट मंडळीत आम्ही ‘पाळक’ म्हणतो, समोर ‘पाळकसाहेब’. ‘पाद्री’ पोर्तुगिजांकडून आला, ‘नाताळ’ही तिकडूनच, नाताळ आमचा झाला, पाद्री बाहेरचे लोकच जास्त म्हणतात. बायबलला ‘पवित्र शास्त्र’, गॉस्पेलला ‘शुभवर्तमान’, चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना ‘मंडळी’, रविवारी असते ती ‘उपासना’. पूजा लिहू नका. आणि इमारतीला ‘चर्च’ चालेलच, पण आमच्या पंचहौदाच्या चर्चचं नाव ‘पवित्र नाम देवालय’ आहे. 1885 सालचं. पेठेत राहून देवालय शब्दाचं आम्हाला कधी वावडं वाटलं नाही.

तुमचं वाचून मी थबकलेच. पाळक! गुरं पाळतो तोही पाळणाराच, मंडळी सांभाळतो तोही पाळक. मूळ कादंबरीत डॉक्टर आणि व्हिकर यांची मैत्री याच साम्यावर उभी आहे, आणि इंग्रजीत ते समजवायला लेखकाला अख्खा परिच्छेद लागलाय. मराठीत तो एका शब्दात आहे. तेविसावं स्तोत्रही आहेच: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ शंभरातलं एक मेंढरू हरवतं तो लूकच्या शुभवर्तमानातला दृष्टान्त सगळ्या पुस्तकाच्या मुळाशी आहे. म्हणून ‘मेंढी’ नाही, ‘मेंढरू’च ठेवते. त्या नपुंसकलिंगी रूपात एक माया आहे, लेकरू-वासरूसारखी.

कोथरूडहून: आणि मुखपृष्ठावर काय? ‘सोज्वळ रहस्यकथा’?

‘सोज्वळ’ मला जुन्या सिनेमातल्या नायिकेला शोभतो, कथेला नाही. ‘सात्त्विक’ म्हटलं की सत्त्व-रज-तम मागोमाग येतात आणि पुस्तकाचा ख्रिस्ती श्वास हरवतो. ‘उबदार’ गोधडीला ठीक. नुसतं ‘रहस्यकथा’ लिहिलं तर आपला वाचक पहिल्या पानावर प्रेत शोधेल. हे नाव अजून सुटलेलं नाही.

औंधहून: नायकाला ‘गुप्तहेर’ तरी म्हणू नका. तो लपून काही करत नाही. आमच्याकडे जनावर हरवलं की लोक ‘माग काढतात’. ओल्या मातीत खूर उमटलेले असतात, वाकलेलं गवत असतं, काट्याला लोकर अडकलेली असते.

काका, लोकर तर पुस्तकातही आहे! तिसऱ्या प्रकरणात डॉक्टरला कुंपणाच्या तारेला अडकलेला लोकरीचा पुंजका सापडतो. मी तिथे ‘महत्त्वाचा पुरावा’ लिहिलं होतं. आता ‘माग’ लिहिते. आणि मुखपृष्ठाचंही सुचलं: ‘हरवलेल्या मेंढराचा माग’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘एका जनावरांच्या डॉक्टरची गोष्ट’. प्रकाराचं नाव लिहायची गरजच नाही. उद्या प्रकाशकांना दाखवते. गुरुवार पेठेतल्या ताई किंवा दादा, तुम्ही जे कोण असाल ते, उपासनेची दोन पानं तुम्हाला पाठवली तर एकदा नजरेखालून घालाल का?