आबांचं कुठलं म्हणणं खरं धरायचं, तेव्हाचं की आत्ताचं?

गुऱ्हाळकरी_करवीर
आबा ७६ वर्षांचे. २०२३ च्या पावसाळ्यात चुलत्यांना व्हेंटिलेटरवर बघून आले आणि म्हणाले, "मला असं नळ्या लावून ठेवायचं न्हाई." नुसतं बोलले नाहीत. दोन साक्षीदार घेऊन नोटरीकडं कागद केला, डायलिसिससुद्धा नको म्हणून लिहायला लावलं. तेव्हा त्यांचं सगळं जगणं आमच्या गुऱ्हाळात काहिलीजवळ, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ होतं. "चुलवाणापाशी उभं ऱ्हाता येईना झालं की संपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दीड वर्षापूर्वी किडन्या गेल्या. डॉक्टरांनी विचारलं आणि स्वतः आबाच म्हणाले, "करून बघू." आता आठवड्यातनं तीन वेळा, चार-चार तास मशीनवर. पाणी मोजून. गूळ तर दोन्हीकडनं बंद, साखरेमुळं आणि पोटॅशियममुळं. गुऱ्हाळ भाड्यानं दिलंय. तरी गडी रोज एक खडा आणून दाखवतो. आबा तो फोडतात, कणी बघतात, वास घेतात आणि निकाल देतात, "भेंडी कमी पडलीया." (उकळत्या रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस आणि चुना घालतात.) जिभेला लावत नाहीत. दिवाळी पाडव्याच्या सौद्याला मार्केट यार्डात न्या म्हणून आत्तापासनं मागं लागलेत.

गेल्या महिन्यात ताप चढला, आयसीयूचं निघालं. पुण्याचा धाकटा भाऊ कागद घेऊन उभा: "त्यांनी शुद्धीत लिहिलंय." त्याचंही चुकीचं म्हणवत नाही. निभावलं त्या वेळी. पुढं काय?

सिस्टर_रात्रपाळी
दादा, मी डायलिसिसलाच असते. पहिल्या महिन्यात "सोडवा मला" म्हणणारे नंतर खिडकीकडच्या बेडसाठी भांडतात. उलटंही बघितलंय. एक आजोबा हौसेनं यायचे, आजी गेल्या आणि त्यांनी थांबवायचं ठरवलं. डॉक्टर तासभर बोलले, मग मान्य केलं. म्हणून एकदा विचारून भागत नाही. आणि तुमचे आबा बोलतायत तोवर कागद कशाला काढायचा?

कसबा_बावड्याचा_वकील
सिस्टर बरोबर बोलल्या. सुप्रीम कोर्टाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानुसार असा कागद लागू होतो तो माणसाची स्वतः ठरवायची क्षमता गेल्यावर आणि आजार बरा होण्याची आशा नसल्यावर. तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं बघतात. क्षमता आहे तोवर कागद लेखी बदलता येतो, रद्दही करता येतो. पूर्वी मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

पेठेतली_सून
जरा कडू बोलते. आमचे मामंजी आमच्यासमोर "बरं हाय" म्हणायचे आणि शेजारच्यांना सांगायचे, "पोरांसाठी सोसतोय." तुम्ही खोलीत नसताना कुणीतरी विचारा.

गुऱ्हाळकरी_करवीर
ताई, तुमचं लागलं, पण पटलं. गड्यालाच विचारायला लावलं, मी गोठ्यात थांबलो. आबा त्याला म्हणाले, "हाताची नळी चालंल. घशातली न्हाई." मग खडा फोडला आणि म्हणाले, "चुना जास्त झालाय, सांग त्याला."

रात्री मी समोर बसून परत विचारलं, तेच बोलले. म्हणजे निम्मा कागद अजून त्यांचाच आहे. सोमवारी मशीन, म्हणून मंगळवारी नोटरीकडं जातोय. धाकट्यालाही बोलावलंय.