डिसेंबरचा हॉल, मेडिकलचा अर्ज : शुक्रवारपर्यंत उत्तर हवं
(न्यू जर्सीच्या मराठी मंडळाची मेल-लिस्ट)

प्रेषक: मंजिरी

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या जेवणाचा मेल वेगळा पाठवते, आधी हे. लेकीच्या लग्नासाठी पुण्याच्या हॉलवाल्यांनी डिसेंबरचा दुसरा शनिवार फक्त शुक्रवारपर्यंत धरून ठेवलाय. कोलंबसच्या (ओहायो) मुलाकडच्यांचं म्हणणं, तुळशीची लग्नं झाली की धनुर्मास लागायच्या आत उरकून घेऊ. लेक म्हणते, ॲमकासचा (इथल्या मेडिकल कॉलेजांचा एकत्रित) अर्ज याच महिन्यात जाणार, मुलाखती जानेवारीपर्यंत चालणार, तेव्हा पुण्याचं नाव काढू नका. नाहीतर लग्न मेडिकल संपल्यावर. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) ५१३ आहे. एच-४ (आमच्या नोकरीच्या व्हिसावरचा दर्जा) वरून एफ-१ (विद्यार्थी) केलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, आता ओपीटीवर (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर) आहे. मुलगा अमेरिकेचा नागरिक.
हॉलला हो म्हणू की नको, तेवढंच सांगा.

प्रेषक: उषामावशी

मंजिरी, हो म्हण. हिशेब कर की. आत्ता २२. पुढच्या ऑगस्टला कॉलेज सुरू म्हणजे २३, चार वर्षांनी २७. पुढे रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं पगारी प्रशिक्षण) मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्सची ३ वर्षं, जनरल सर्जरी घेतली तर ५. म्हणजे तिशी नाहीतर बत्तिशी. मुलाकडच्यांनी तोवर थांबायचं? मुलाखती हल्ली कॉम्प्युटरवरच असतात ना, पुण्यातून देईल.

प्रेषक: नेहा

मावशी, मुलाखती बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन आहेत, पण सगळीकडे नाहीत. काही कॉलेजांनी परत प्रत्यक्ष बोलवायला सुरुवात केलीय. ऑनलाइन असली तरी इथले सकाळचे ९ म्हणजे डिसेंबरात पुण्याचे संध्याकाळचे साडेसात. दिवसभराचा कार्यक्रम असला तर मध्यरात्र उलटते. सीमांतपूजनाच्या दिवशी ती तारीख आली तर बदलून मिळेलच असं नाही.

पण मंजिरीताई, अडचण मुलाखतीची नाहीच. ॲमकासमध्ये नागरिकत्वाचा रकाना आहे. तिथे एफ-१ लिहिलं की बहुतेक सरकारी कॉलेजं अर्ज पुढे नेतच नाहीत, त्यांना नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतो. जी थोडी खाजगी कॉलेजं घेतात, त्यांतली काही फीचे पैसे आधीच एस्क्रोमध्ये (राखीव खात्यात) ठेवायला सांगतात, काही तर चारही वर्षांचे. शिवाय एफ-१ ला फेडरल (सरकारी) कर्ज नाही. ५१३ चांगलाच स्कोअर आहे, प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. पण तो वाया जायचा नसेल तर आधी तिचा व्हिसाचा दर्जा बघा, हॉल नंतर.

आणि "याच महिन्यात" म्हणताय म्हणून विचारते, ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रकं) गेल्या का? जिथे जिथे एखादा कोर्स केलाय त्या प्रत्येक कॉलेजची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट लागते, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजला घेतलेल्या एका विषयाचीसुद्धा. एक राहिली तरी ॲमकासची पडताळणी अडकते. आणि जूनअखेर अर्ज टाकला तर पडताळणीलाच चार ते सहा आठवडे जातात. तिथून प्रत्येक कॉलेजचे वेगळे सेकंडरी निबंध, ते दोन आठवड्यांत परत करायचे असा रिवाज. रोलिंग ॲडमिशन (अर्ज येतील तसे निर्णय) असल्यामुळे ऑगस्टअखेर पोचलेली फाइल आणि जुलैत पोचलेली फाइल यांत फरक पडतो.

प्रेषक: प्रसाद

असे प्रश्न करिअर मार्गदर्शन गटाकडे यावेत म्हणून आपण गेल्या वर्षी फॉर्म केला होता. तो कोणी भरत नाही. असो. मंजिरीवहिनी, दोघांचं लग्न आधी झालं तर पुढे कपल्स मॅच करता येतं, म्हणजे रेसिडेन्सी एकाच गावात. हा फायदा लक्षात घ्यावा.

प्रेषक: अमृता

प्रसाद, नवरदेव सॉफ्टवेअरमध्ये आहे. कपल्स मॅचला दोघंही त्याच वर्षी रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये (जागावाटपात) हवेत, आणि लग्न झालेलं असावं अशी अटही नाही. एक जण वर्षभर पुढे-मागे असला तरी जोडी धरत नाहीत.

लग्न मेडिकलच्या आधी नाही जमलं तर चार वर्षं थांबायलाच हवं असंही नाही. मोकळ्या जागा अशा: पहिलं वर्ष संपल्यावरचा उन्हाळा, साधारण आठ-दहा आठवडे. त्यानंतर थेट चौथ्या वर्षाचा शेवट. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच डे, रेसिडेन्सी १ जुलैच्या आसपास सुरू, ओरिएंटेशन जूनमध्ये. एप्रिल-मे जवळपास रिकामे. तिसऱ्या वर्षात मात्र कोणी तारीख काढू नका. रोटेशन (हॉस्पिटलच्या एकेका विभागातल्या पाळ्या) चालू असतात, दर रोटेशनच्या शेवटी त्या विषयाची शेल्फ परीक्षा, आणि सर्जरीच्या रोटेशनला पहाटे पाचला हजर राहायचं. तिथे मेंदीचा हातही चालत नाही, असं कोणी म्हणेल. मेंदी चालते, रजा चालत नाही.

मावशी, मुलांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत पण मनात तेच असणार. रेसिडेन्सीत आठवड्याला ८० तासांची मर्यादा असते, चार आठवड्यांच्या सरासरीने. आणि २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक मान्यताप्राप्त कार्यक्रमाला बाळंतपण किंवा आजारपणासाठी निदान एकदा सहा आठवडे पूर्ण पगारी रजा द्यावीच लागते. तेव्हा "सगळं संपल्यावरच" असं गणित आता कोणी मांडत नाही.

प्रेषक: उषामावशी

अमृता, मी काही म्हटलंच नव्हतं. पण सहा आठवडे म्हणजे सव्वा महिनाच झाला ना गं, बाळंतिणीला चाळीस दिवस तरी हवेत.

प्रेषक: अमृता

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, मावशी.

प्रेषक: शिरीष

मंजिरीताई, थांबा. हॉलला अजिबात हो म्हणू नका, कारण तुमच्या मेलमध्येच आहे: तिने दर्जा इथे बसून बदलला. म्हणजे तिच्या पासपोर्टवर एफ-१ व्हिसाचा शिक्का कधी लागलेलाच नाही. जो आहे तो जुना एच-४ चा, आणि २१ वर्षं पूर्ण झाल्यावर तो तिच्या उपयोगाचा नाही. इथे राहायला शिक्का लागत नाही, परत यायला लागतो.

आता डिसेंबरचं बघा. पुण्यात लग्न, मग मुंबईच्या वकिलातीत एफ-१ ची मुलाखत. नवरा अमेरिकन नागरिक, लग्नाला आठवडाही झालेला नाही, आणि ही सांगणार की शिक्षण झालं की मी भारतात परत जाईन. २१४(बी) खाली, म्हणजे परत जाण्याचा इरादा पटला नाही म्हणून, नकार मिळायला याहून सोपी केस नाही. नकार मिळाला की पुढचा रस्ता नवऱ्याने आय-१३० (बायकोसाठीचा अर्ज) भरून तिथूनच इमिग्रंट व्हिसा घेण्याचा, आणि त्यात वर्षाच्या वर सहज जातं. तोवर ती पुण्यात, नवरा कोलंबसला, ओपीटीची नोकरी गेली आणि मुलाखती जिथल्या तिथे.

उलटा क्रम करा. आधी इथे कायदेशीर लग्न, मग आय-१३०, ग्रीन कार्डचा आय-४८५, कामाच्या परवान्याचा आय-७६५ आणि प्रवासाच्या परवानगीचा आय-१३१, सगळं एकाच पाकिटात. नागरिकाची पत्नी असल्याने रांग नाही, व्हिसा बुलेटिन (रांग कुठवर आली त्याचं मासिक पत्रक) बघायचं कारण नाही. तुमचं स्वतःचं नोकरीवरचं ग्रीन कार्ड (ईबी-२) ज्या रांगेत उभं आहे तिच्याशी याचा संबंध नाही.

प्रेषक: विकास (सूत्रचालक)

शिरीष, आय-४८५ प्रलंबित असताना भारतात जाऊन येता येतं. लिस्टवर यावर दोन वर्षांपूर्वी चर्चा झालेली आहे, जुने मेल शोधावेत ही सर्वांना विनंती. बाकी, एका विषयाला एकच धागा ठेवावा. गणपतीच्या मोदकांचा आकडा अजून आलेला नाही.

प्रेषक: शिरीष

विकासकाका, ती चर्चा एच-१ आणि एच-४ वाल्यांची होती. एच आणि एल (नोकरीच्या व्हिसाच्या) दर्जावर असाल आणि वैध व्हिसा असेल तर वेगळी परवानगी न घेताही जाऊन येता येतं. एफ-१ ला ती सवलत नाही. ॲडव्हान्स पॅरोल (आय-१३१ वर मिळणारी प्रवासाची परवानगी) हातात न घेता एफ-१ वाला विमानात बसला की आय-४८५ सोडून दिला असं धरतात. अर्ज केलाय, पावती आलीय, एवढ्याने भागत नाही. मंजूर झालेला कागद हातात हवा. आणि तो किती दिवसांत येईल हे ऑफिसवर आहे, तेव्हा "तोवर येईलच" म्हणून हॉलवाल्याला पैसे देऊ नका.

न्यू जर्सीत लग्नाच्या लायसन्सला फारसं काही लागत नाही. दोघांपैकी जो या राज्यात राहतो त्याच्या गावच्या रजिस्ट्रारकडे अर्ज, बरोबर १८ वर्षांवरचा एक साक्षीदार, फी २८ डॉलर. अर्जानंतर ७२ तास थांबावं लागतं. मुलगा कोलंबसहून शुक्रवारी आला आणि शनिवारी लग्न, असं होत नाही. अर्जाला एकदा आणि लग्नाला एकदा, अशा दोन फेऱ्या धरा, नाहीतर चार-पाच दिवसांची रजा.

प्रेषक: मंजिरी

शिक्क्याचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. यांनी लगेच पासपोर्ट काढून बघितला, खरंच नाहीये.
पण शिरीष, कोर्टात लग्न आधी म्हणजे मग पुण्यात काय दाखवायला उभं करायचं? विहीणबाई म्हणतील मुहूर्ताला अर्थ काय राहिला. आणि नेहा, वर्ष गेलं तर एमकॅट परत द्यावी लागेल का? कर्जाचं पण नवीन काहीतरी झालंय म्हणे.

प्रेषक: नेहा

एमकॅट परत नको. बहुतेक कॉलेजं दोन ते तीन वर्षांपर्यंतचा स्कोअर धरतात. प्रत्येकाची अट एमसारमध्ये (मेडिकल कॉलेजांच्या माहितीच्या यादीत) दिलेली असते, ती बघून यादी करा.

मी या वर्षी अर्ज करू नका म्हणेन. एफ-१ लिहून वीस ठिकाणी अर्ज म्हणजे पहिल्या कॉलेजला पावणेदोनशे डॉलर, पुढच्या प्रत्येकाला पंचेचाळीसच्या वर, शिवाय सेकंडरीचे प्रत्येकी शंभराच्या आगेमागे. तीन हजारांच्या घरात जातं, आणि अर्ध्याहून जास्त कॉलेजं उघडूनही बघणार नाहीत. वर पुढच्या वर्षी ती रीॲप्लिकंट ठरेल, म्हणजे "मधल्या वर्षात काय बदललं" हा निबंध वेगळा लिहायचा. ग्रीन कार्ड हातात घेऊन पुढच्या मेच्या शेवटी, अर्ज उघडल्या उघडल्या पाठवला तर तोच स्कोअर दुप्पट कामाला येतो. मधल्या वर्षात शिफारसपत्रं आत्ताच घेऊन ठेवा, प्राध्यापक विसरतात. ॲक्टिव्हिटीच्या १५ जागा असतात, त्यांतल्या तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडायच्या. मंडळाच्या दिवाळीचं सूत्रसंचालन त्यात चालेल, पण रुग्णांशी थेट संबंध येणारे तास कमी असतील तर ते आधी वाढवा.

कर्जाचं: १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस (पूर्ण खर्चाइतकं मिळणारं फेडरल कर्ज) बंद. मेडिकलसाठी फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. खाजगी कॉलेजात राहण्या-जेवणासकट चार वर्षांचा खर्च चार लाख डॉलरच्या आसपास जातो, म्हणजे वरचे पैसे बँकेचं कर्ज किंवा घरून. म्हणूनच राज्यातलं सरकारी कॉलेज आता आणखी महत्त्वाचं. इथे लग्नाचा खरा पेच आहे: ती कोलंबसला राहायला गेली की न्यू जर्सीची रहिवासी राहत नाही, आणि ओहायोची व्हायला १२ महिने लागतात. पुढच्या वर्षी अर्ज भरताना ती कुठल्या राज्याची असेल हे आत्ताच ठरवा, दोन्हीकडची नाही असं व्हायला नको. मुलाला घरून काम करता येत असेल तर त्याने इकडे यावं.

प्रेषक: उषामावशी

नवऱ्याने सासरी राहायला यायचं!

प्रेषक: प्रसाद

मावशी, भाड्याने घर घेतील. वहिनी, पीए (फिजिशियन असिस्टंट) चा पण विचार व्हावा, साधारण २७ महिन्यांत संपतं. फॉर्म भरलात तर गटातल्या दोघांशी बोलणं करून देतो.

प्रेषक: शिरीष

पीए ची शाळाही व्हिसा विचारतेच, प्रसाद.

मंजिरीताई, मुहूर्ताचं: इथलं लग्न कायद्याचं, पुण्यातलं विधीचं. सप्तपदी, कन्यादान, सगळं करा, कोणी अडवत नाही. फक्त पुण्यात परत विवाह नोंदणी करू नका. दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं झाली की पुढे प्रत्येक अर्जात खुलासा देत बसावं लागतं. फॉर्मवर तारीख कायम इथलीच. आणि लग्न खरं आहे हे दाखवायला दोघांचं एकत्र बँक खातं, भाडेकरारावर दोघांची नावं, विम्यात नाव, हे हळूहळू जमवत जा. साखरपुड्याचे फोटोही जपून ठेवा, दोन्ही घरचे एकत्र असलेले.

कागदांची तयारी आजपासून:
मुलाचा पासपोर्ट किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, आणि आय-८६४ साठी (आर्थिक हमीपत्र) त्याचं अलीकडचं टॅक्स रिटर्न. तिचे सगळे जुने आय-९४ (देशात आल्याच्या नोंदी), एच-४ ची मंजुरी, एफ-१ बदलाची मंजुरी, सगळे आय-२० (कॉलेजने दिलेले व्हिसाचे कागद). आय-६९३ ची वैद्यकीय तपासणी अर्जाबरोबरच जोडायची आहे, नंतर पाठवू म्हणून चालत नाही. ती इमिग्रेशनने नेमलेल्या ठरावीक डॉक्टरकडेच (सिव्हिल सर्जन) होते आणि पाकीट बंद करून देतात, म्हणून आधी स्वतःसाठी एक प्रत मागून घ्या. गोवर, कांजिण्या, धनुर्वात आणि क्षयाच्या रक्ततपासणीचे तेच कागद पुढे मेडिकल कॉलेज मागणार आहे.

आणि जन्मदाखला. तिचा पुण्याचा असणार. त्यावर नाव आहे की नुसतंच "स्त्री" आणि आईवडिलांची नावं? त्या काळच्या बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नाव नंतर घालायचं राहून गेलेलं असतं. नसेल तर तिच्या आजोबांना महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात पाठवा, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टची प्रत बरोबर द्या. सगळ्यात जास्त वेळ यातच जाईल.

लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड आलं तर ते दोन वर्षांचं, सशर्त असतं. घाबरू नका, त्यावर फेडरल कर्ज मिळतं. फक्त ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (अट काढायचा अर्ज) भरायचा, आणि ती तारीख बहुतेक तिच्या मेडिकलच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात येईल. कॅलेंडरवर आत्ताच टाका, कारण तेव्हा ॲनाटॉमीपुढे कोणाला काही सुचत नाही.

प्रेषक: मंजिरी

हॉलवाल्यांना नाही कळवलं. पुढच्या वर्षीच्या मेमधल्या तारखा विचारल्यात, नेहा म्हणते मेअखेरच्या आत नको, अर्ज पाठवून झाल्यावर जूनचा पहिला आठवडा बघा. पण तेव्हा पाऊस आणि चातुर्मास कधी लागतो ते गुरुजींना विचारते. विहीणबाईंशी आज रात्री फोन आहे.
दाखला काढला. नाव नाहीये.

प्रेषक: विकास (सूत्रचालक)

मंजिरीवहिनी, शुभेच्छा. मोदक किती?