मदत हवी आहे: अल्टरनेटर रिमॅन्युफॅक्चरिंगमध्ये (जुने अल्टरनेटर खोलून नव्यासारखे करणे) किती कोअर (परत आलेले जुने नग) खोलायचे, कधी खोलायचे?

बेअरिंग, ब्रश, रेग्युलेटर दर वेळी नवेच बसतात, त्यामुळे त्यांचा एमआरपी (कोणता माल किती, कधी मागवायचा याचं नियोजन) सरळ चालतो. घोडं अडतं ते कोअरमधून काढून पुन्हा वापरायच्या रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटरपाशी (त्याभोवतीचा स्थिर, वाइंडिंगचा भाग).

समजा आठवड्याला 100 नग द्यायचे आहेत. रोटर 80 टक्के वाचतात, स्टेटर 65 टक्के. स्टेटरच्या हिशेबाने 154 कोअर खोलले की रोटर निघतात 123, म्हणजे 23 रॅकवर धूळ खात पडतात. रोटरच्या हिशेबाने 125 खोलले तर स्टेटर 81च. उरलेले 19 नवे घ्यायचे, आणि त्यांचा लीड टाइम (मागवल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ) 6 आठवडे!

शिवाय सरासरी फसवते. 20 च्या एका लॉटमध्ये 16 चांगले स्टेटर, पुढच्यात 9. वाइंडिंग नुसतं तेलकट आहे की इन्सुलेशन गेलंय, हे धुऊन, वाळवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय कळत नाही. (ओल्या स्टेटरला मेगर लावून चांगला माल भंगारात टाकणारेही असतात.) स्लिप रिंग (रोटरवरची, ब्रश जिच्यावर घासतात ती रिंग) खराब असली की रोटर लेथवर जातो, आणि लेथ एकच.

खोलाई लेथच्या गतीने सोडावी की असेंब्लीच्या मागणीने? कोअर येताच शाफ्ट फिरवून, त्याचा ढिलेपणा बघून प्रतवारी करून प्रत्येक प्रतीला वेगळा यील्ड (चांगले भाग निघण्याचं प्रमाण) कोणी लावतं का? किती लॉटनंतर तो आकडा भरवशाचा ठरतो? आणि जादा रोटर साठवावेत की कोअर न खोलताच ठेवून नवे स्टेटर आगाऊ मागवावेत?